एसटी, घाट आणि पॅनिक अटॅक: भीती नेमकी कशाची, हे आधी ठरवा

"मना जीव घाबरस" म्हणत माणूस दवाखान्यात येतो. ईसीजी नॉर्मल निघतो, एक सलाइन लागते, "बीपी लो झालं असेल" असं ऐकून तो घरी जातो. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीती, हे नाव पुष्कळदा कुणी घेतच नाही. आणि इथूनच दुसरा आजार सुरू होतो: ज्या एसटीत, ज्या बाजारात त्रास झाला, तिथं जाणंच तो बंद करतो.

फोबियात भीती बाहेरच्या गोष्टीची असते. साप, उंची, लिफ्ट. ती समोर आली की अटॅक येऊ शकतो, पण कशामुळे आला ते माणसाला ठाऊक असतं. पॅनिक डिसऑर्डरमध्ये अटॅक काही कारण नसताना, कधी झोपेतूनही उठवून येतो, आणि नंतर निदान महिनाभर "परत आला तर?" हीच धास्ती राहते. इथं भीती स्वतःच्या शरीराची असते. अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. श्वास जोरजोरात घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना मुंग्या आणि डोक्याला गरगर त्यामुळेच. माणूस त्याचा अर्थ "हार्ट अटॅक" असा लावतो आणि धडधड आणखी वाढते.

दोन्हींचा सांधा म्हणजे अॅगोराफोबिया. बस-रेल्वे, मोकळं मैदान, बंद जागा, गर्दी किंवा रांग, घराबाहेर एकटं असणं, यांपैकी किमान दोन ठिकाणी "इथून निसटता येणार नाही" ही भीती साधारण सहा महिने टिकली, तर हे निदान होतं. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, ते पॅनिकपासून वेगळं धरतात. सारंगखेड्याची यात्रा किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट टाळणाऱ्या माणसाला घाटाची भीती नसेलही; घाटात अटॅक आला तर उतरता येणार नाही, याची असेल. हा फरक उपचारात फार महत्त्वाचा आहे.

आपल्याकडचा उन्हाळा यात भर घालतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेला की निरोगी माणसाचीही छाती धडधडते, घाम फुटतो. पॅनिकचा रुग्ण तीच लक्षणं अटॅक समजतो. मात्र अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध आणि उलट्या असतील तर तो उष्माघात आहे. तेव्हा थेट दवाखाना.

शरीराचीच भीती असेल तर आधी शरीराचा सराव करावा: एक मिनिट जागच्या जागी पळणं, एक मिनिट खुर्चीवर गरगर फिरणं, नाक धरून दोन मिनिटं बारीक स्ट्रॉमधून श्वास. धडधड होते आणि आपोआप थांबते, हे अंगाला कळेपर्यंत रोज. हृदयरोग, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

मग जागेची शिडी. भीतीला शून्य ते शंभर गुण द्या. तीसच्या आसपास: स्टँडवर वीस मिनिटं बसणं. पन्नास: सोबत माणूस घेऊन जळगाव ते नशिराबाद. सत्तर: तेच एकट्यानं. नव्वद: मागच्या सीटवर, गर्दीच्या वेळी भुसावळपर्यंत. एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा, भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबून. मे महिन्यात हे सकाळी करा आणि पाणी जरूर ठेवा.

फसतं कुठं? भीती शिगेला असतानाच उतरलात, तर मेंदू "उतरलो म्हणून वाचलो" असं शिकतो. खिडकीचीच जागा, खिशात गोळी, कानाला लावलेला फोन या आधारांनीही तेच होतं, म्हणून तेही एकेक करून सोडायचे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला विसरा; त्रास खरंच हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर तो घातक ठरतो.

इंजेक्शन आणि रक्ताच्या भीतीचं गणित उलटं आहे. त्यात बीपी खरोखर घसरतं आणि माणूस कोसळतो, म्हणून अंग सैल सोडायचं नसतं. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळा, चेहरा गरम वाटला की सोडा, २०-३० सेकंद थांबा. असं पाच वेळा.

छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, त्यातही मधुमेह असेल किंवा चाळिशी उलटली असेल, तर पॅनिक समजून घरी बसू नका. ईसीजीसोबत थायरॉइडही तपासून घ्या. अल्प्राझोलामची गोळी पटकन शांत करते, पण सवय लागते आणि सरावही वाया जातो; रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून डोस हळूहळू कमी करून घ्या. पॅनिकवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय या नैराश्यविरोधी गटाच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी वाढू शकते. बरेच जण नेमकी तेव्हाच औषधं सोडतात. अशा वेळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. मानसोपचारतज्ज्ञ गावाजवळ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.