एकदांडीच्या मापाने निवडलेली लेन्स

पावसाळ्यात पुण्याच्या वेताळ टेकडीवर आणि सिंहगडाच्या वाटेवर फुलणाऱ्या रानफुलांची जवळून छायाचित्रे काढण्यासाठी मला लेन्स घ्यायची होती. हाताशी कॅननचा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स होती. किमती पाहण्याआधी मी खिशात फूटपट्टी घालून टेकडीवर गेले, कारण किती जवळचे छायाचित्र हवे हे शेवटी फुलाच्या आकारावर ठरते आणि लेन्सच्या जाहिरातीत फुलाचा आकार कुठेच दिलेला नसतो.

तेरड्याचे फूल साधारण तीन सेंटीमीटर भरले, सोनकीचे दोनेक, एकदांडीचे जेमतेम सव्वा. घाणेरीच्या गुच्छातले सुटे फूल तर सात-आठ मिलिमीटरच होते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे ज्यावर प्रतिमा उमटते तो भाग, २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ मिलिमीटर उंच आहे. फुलाने चौकटीच्या उंचीचा दोन-तृतीयांश भाग व्यापावा असे धरले, तर सेन्सरवर दहा मिलिमीटरची प्रतिमा पडायला हवी. म्हणजे तेरड्याला १:३, सोनकीला १:२ आणि एकदांडीला जवळजवळ १:१ इतके मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा आणि प्रत्यक्ष फूल यांच्या आकारांचे प्रमाण) लागते. मग घरी १८-५५ सर्वांत जवळ फोकस करून त्याच फूटपट्टीचे छायाचित्र काढले. चौकटीच्या रुंदीत सहा सेंटीमीटरहून थोडा अधिक भाग मावला, म्हणजे तेरड्यापर्यंतचे काम होत होते. ज्या झूम लेन्सवर नुसते ‘मॅक्रो’ (अगदी जवळच्या छायाचित्रणासाठी) असे छापलेले असते, त्यांचीही मर्यादा बहुधा १:२ किंवा त्याच्या अलीकडेच असते. एकदांडी हे माझे माप ठरल्यामुळे खऱ्या १:१ लेन्सला पर्याय उरला नाही.

एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळीचा, विचार मी मनापासून केला. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की मॅग्निफिकेशनमध्ये ०.५ (म्हणजे १:२) ची भर पडते, त्यात काच नसल्याने जादा काचेमुळे होणारी प्रतिमेची हानी टळते, आणि खर्चही थोडा. परंतु ट्यूब लावलेली असताना दूरचा फोकस मिळत नाही. एकाच वाटेवर झाड, झुडूप आणि फूल असे तिन्ही टिपायचे असेल, तर भर वाऱ्यात आणि रिमझिमीत सारखी लेन्स काढावी-लावावी लागते. टेकडीवरच्या धुळीचा आणि आर्द्रतेचा विचार करता मला ते पटले नाही.

खरी निवड ६० आणि १०० मिलिमीटर या दोन मॅक्रो लेन्समध्ये होती. दोन्ही १:१ देतात, दोन्हींचे सर्वांत मोठे छिद्र एफ/२.८ आहे (आकडा जितका लहान तितके प्रकाशाचे छिद्र मोठे) आणि ६० ची लेन्स हलकी व स्वस्त आहे. फरक पडतो तो लेन्सच्या पुढच्या काचेपासून फुलापर्यंत उरणाऱ्या जागेचा. १:१ वर ६० मिलिमीटरमध्ये ही जागा सुमारे नऊ सेंटीमीटर, तर १०० मिलिमीटरमध्ये सुमारे पंधरा सेंटीमीटर उरते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात घोट्याएवढ्या उंचीवरच्या फुलासमोर ओणवे झाल्यावर लेन्सची सावली पाकळ्यांवर पडते की नाही, परागावरची माशी उडते की थांबते, हे त्यावरच ठरते. त्याहून मोलाची गोष्ट पार्श्वभूमीची. १०० मिलिमीटरचा दृश्यकोन अरुंद असल्याने फुलामागचा अगदी छोटा तुकडा चौकटीत येतो, आणि कॅमेरा चार बोटे सरकवला तरी वाळक्या गवताऐवजी झुडपाखालची गर्द सावली मागे घेता येते. फुलाच्या छायाचित्राचे निम्मे सौंदर्य मला या पार्श्वभूमीत दिसते, म्हणून मी १०० मिलिमीटर नक्की केली.

तिच्यातही स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) असलेली, कॅननच्या वरच्या दर्जाच्या एल मालिकेतली आणि नसलेली जुनी असे दोन प्रकार होते. एल लेन्स २००९ साली आली. तिच्या स्टॅबिलायझेशनमुळे एरवी चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), पण १:१ वर सुमारे दोन स्टॉपचा लाभ होतो, असे कंपनीच सांगते. मात्र हाताचे पुढे-मागे हलणे ते थोपवत नाही, आणि वाऱ्याने डोलणारे फूल तर मुळीच नाही. १:१ वर एफ/८ ला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, मिलिमीटरभरही नसते, आणि टेकडीवर वारा क्वचितच पडतो. त्यामुळे शटर स्पीड १/२५० सेकंदाच्या खाली नेणे मला एरवीही परवडणार नव्हते. जुनी लेन्स वापरलेली घेतली आणि वाचलेल्या पैशांत फ्लॅश आणि त्याचा प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर आला. १:१ वर लेन्समधून येणारा प्रकाश दोन स्टॉपने घटतो, त्यामुळे ढगाळ सकाळी फ्लॅशचा उपयोग मला स्टॅबिलायझेशनपेक्षा कितीतरी अधिक झाला आहे. ज्यांना फुलांखेरीज माणसांचीही छायाचित्रे काढायची आहेत, त्यांनी मात्र एल लेन्सचा विचार जरूर करावा.

वापरलेली लेन्स घेताना मी ती मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आतल्या काचांवर बुरशीचे धागे नाहीत याची खात्री केली, कारण पुण्याच्या पावसाळ्यात बंद बॅगेत राहिलेल्या लेन्सला बुरशी सहज लागते. दुकानातच फूटपट्टीचे छायाचित्र काढून चौकटीत २२ मिलिमीटर भरतात का, हेही मोजले. आता जून ते ऑक्टोबर ही लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत राहते आणि सिलिका जेल गुलाबी झाले की मी ते मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घेते.