बेळगाव ते सिंगापूर, दोन लहान पोरांसह

बेळगावहून दोन वाटा आहेत. सांबऱ्याहून विमानानं मोठं शहर गाठायचं आणि तिथून पुढे, नाहीतर रात्रीच्या स्लीपर बसनं बेंगळुरू आणि तिथून साडेचार तासांचं थेट विमान. आम्ही बस धरली. पोरं बसमध्ये गाढ झोपतात आणि खिशालाही बरं पडतं. पासपोर्टचा अर्ज बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रातच देता येतो. व्हिसा एजंटमार्फत निघतो. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत 'अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

खाऊच्या डब्यात एक गोष्ट नक्की बघा, ती म्हणजे खसखस. सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, त्यामुळे सासूबाईंचे अनारसे निघायच्या आदल्या रात्री शेजारी गेले. शेंगाचटणी आणि भडंग मात्र बरोबर घेतलं. च्युइंगमही नेऊ नका.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आणि लहान पोरं असली की सगळी सहल याच्यावर ठरते. तिथले सकाळचे आठ म्हणजे पोरांच्या अंगात पहाटेचे साडेपाच, उठवून उपयोग नाही. पण संध्याकाळी हाच फरक कामी येतो. 'गार्डन्स बाय द बे' या बागेतला सुपरट्रीचा (झाडासारखे उंच मनोरे) दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, आणि पोरांच्या लेखी तेव्हा सव्वापाच-सव्वासहाच वाजलेले असतात. टक्क जागी! खेळ फुकट आहे, जमिनीवर चादर टाकून आडवं पडून बघावा. तिथंच लहान मुलांची बाग आहे, पाण्याचे फवारे, तीही फुकट (सोमवारी बंद असते). टॉवेल आणि बदलायचे कपडे न्या. धाकट्याला तिथून उचलून आणावं लागलं.

दुपारी बाहेर राहू नये. बेळगावच्या हवेत वाढलेल्या पोरांना तो दमट उकाडा सोसत नाही, त्यात दुपारनंतर पाऊस कधीही कोसळतो. जेवून खोलीवर यायचं, झोपायचं, पाचनंतर पुन्हा निघायचं. दिवसाला एकच मोठी गोष्ट. आम्ही पैसे मोजले ते मंडाईच्या प्राणिसंग्रहालयासाठी, आणि ते वसूल झाले. ओरांगउटान डोक्यावरच्या दोरांवरून मोकळे फिरतात. एक मादी पिल्लाला पोटाशी धरून सरकत गेली तेव्हा आमची थोरली आईसक्रीम खायचं विसरली, सगळं कोपरापर्यंत ओघळलं. खातिब स्टेशनवरून तिथं शटल बस जाते. मोठी थीम पार्क आम्ही सोडली. एवढ्याशा पोरांना घेऊन रांगेत उभं राहायला मी पैसे देणार नाही.

मेट्रोला वेगळं तिकीट नको, टॅप करायचं बँकेचं कार्ड चालतं. मात्र प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं लागतं. ९० सेंटिमीटरपेक्षा बुटकी पोरं फुकट. लिफ्ट असतात, बाबागाडी बिनधास्त न्या. गाडीत खाणंपिणं बंद, दंड ५०० डॉलरपर्यंत, म्हणून बिस्किटं फलाटावर यायच्या आधीच उरकायची. ॲपवरच्या गाडीत लहान मुलाला वेगळी सीट लागते, टॅक्सीला ती सक्ती नाही. स्टेशनातल्या सूचना इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चार भाषांत, एकाच पाटीवर. पाटीवर भाषा कुठली वर, कुठली खाली यावरून काय काय होतं ते बघत मोठा झालेला आमच्याकडचा माणूस ती पाटी जरा जास्तच वेळ वाचतो.

जेवणाला लिटल इंडिया, म्हणजे तिथली भारतीय वस्ती. सेरंगून रोडवरचं 'कोमला विलास' १९४७ पासूनचं, डोसा आणि दहीभात मिळाला की पोरांची कटकट मिटते. हॉकर सेंटरमध्ये (एका छताखाली खाण्याचे बरेच गाळे) शाकाहारी म्हणून सांगितलं तरी सुक्या कोळंबीचं पुन्हा विचारा, आणि जेवल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवा, तिथं तो नियमच आहे. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

परतीच्या दिवशी विमानतळावर लवकर जा. शेजारच्या 'ज्युएल' मॉलमध्ये छतातून ४० मीटर पाणी पडतं. धाकटा ओरडला, "आई, पाऊस घरातच पडूलालाय की!" हे सामान तपासणीच्या बाहेर आहे, म्हणून आत जायच्या आधीच बघा.

बेंगळुरूला उतरल्यावर बेळगावच्या बससाठी मॅजेस्टिकच्या मुख्य बसस्थानकापर्यंत जाऊ नका. बऱ्याच गाड्या तुमकूर रोडनं बाहेर पडतात. तिकीट काढताना त्याच रोडवरचा गोरगुंटेपाळ्याचा थांबा निवडा आणि विमान दुपारी उतरणारं घ्या, म्हणजे रात्रीची गाडी धावपळ न करता मिळते.