तांबोपाताच्या जंगलात एकटीने

पेरूमधल्या तांबोपाताच्या वर्षावनात एकटीने जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी साप आले. तयारीची खरी सुरुवात मात्र लशीपासून झाली. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. तिथे मिळणारं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. पेरूहून भारतात परतताना त्याची गरज पडते. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. ही लस आता जन्मभर ग्राह्य धरतात, त्यामुळे शेवटच्या महिन्याची वाट कशाला बघायची?

लॉज निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आपण तिथे दिलेला पैसा कुणाच्या हातात जातो, हे मला आधी कळायला हवं होतं. पोसादा आमासोनास त्यासाठीच निवडलं. एसे एहा आदिवासी आणि इतर रहिवासी मिळून राहतात त्या इन्फिएर्नो गावाने 1996 मध्ये एका पर्यटन कंपनीशी 20 वर्षांचा करार केला आणि 1998 मध्ये हे लॉज सुरू झालं. करारात नफ्याचा 60 टक्के वाटा गावाचा ठरला. जंगल उभं राहिलं तरच गावाचं पोट भरणार, असा हा हिशेब मला मनापासून पटला. एकट्या प्रवाशाला खोलीचं जादा भाडं पडतं, ते आधीच धरून चाला.

डोंगरातल्या कुस्को शहरातून जंगलाजवळच्या पुएर्तो माल्दोनादो शहराचं विमान तासाभराच्या आत पोचतं. सुमारे 3,400 मीटर उंचीवरची कोरडी थंडी सोडून दमट, चिकट उकाड्यात उतरले. मोठी बॅग शहरातच ठेवायची, जंगलात लहान सॅक न्यायची. पुढे थोडा कच्चा रस्ता आणि मग तांबोपाता नदीतून लांबट मोटरबोट.

खोलीला तीनच भिंती. चौथ्या बाजूला कठडा आणि थेट जंगल. मी ते फोटोत पाहिलं होतं, तरी दिवे मालवल्यावर पोटात गोळा आलाच. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, टॉर्च उशाशी घेतला. काही वेळाने आवाज वेगळे करता येऊ लागले: बेडकांचा एकसुरी ठेका, पानांवरून ठिबकणारं पाणी, मधूनच जवळच्या बांबूत कुणीतरी ठणठणीत ओरडायचं. सकाळी विचारल्यावर कळलं, तो बांबू उंदीर. झोप पहाटे लागली आणि हाउलर माकडांच्या घुमणाऱ्या हाकांनी लगेच मोडली. दुसऱ्या रात्री मात्र गाढ झोपले.

एकटीने गेलं म्हणून जंगलात एकटीने फिरता येत नाही. लॉजच्या आवाराबाहेर गाईडशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. थोडं आत गेलं की मला तर दिशाच कळेना. दुसरा नियम, न बघता झाडाला हात लावायचा नाही. का, ते गाईडने एका बुंध्यावर दाखवलं: बुलेट अँट, चांगली इंचभर लांब काळी मुंगी. तिच्या दंशाने तासन्‌तास कळा येतात.

एकटे आलेले आम्ही काही जण एकाच गाईडकडे होतो. बोलायला सोबत कुणी नसल्यामुळे सगळं लक्ष त्याच्याकडे, आणि तोही प्रश्नांना कंटाळायचा नाही. ब्राझील नटच्या झाडाखाली पडलेलं फळ त्याने कोयत्याने फोडलं. टणक कवचाच्या आत संत्र्याच्या फोडींसारख्या बिया दाटून बसलेल्या. हे कवच कुरतडून उघडतो तो अगुटी, सशाएवढा कृंतक प्राणी. काही बिया तो नंतरसाठी पुरून ठेवतो. त्याने परत न उकरलेल्यांतून नवी झाडं उगवतात. फुलांच्या परागीकरणासाठी जंगलातल्या मोठ्या मधमाश्या लागतात. म्हणून हा नट आजही मुख्यतः उभ्या जंगलातूनच गोळा होतो. बाजारात सहज मिळणाऱ्या बीमागे एवढं सगळं लागतं, हे बघून मी थक्क झाले.

त्रेस चिंबादास तळ्यावर महाकाय पाणमांजरं दिसली. अख्खं कुटुंब मासे कराकरा खात होतं, आवाज आमच्या तराफ्यापर्यंत येत होता.

कुस्कोचा स्वेटर शहरातल्या बॅगेत ठेवू नका. जून ते ऑगस्टच्या सुमारास दक्षिणेकडून ‘फ्रियाहे’ नावाची थंडीची लाट येते आणि पारा एकदम खाली जातो.

आणि एक रात्र हाताशी जास्त ठेवा. पोपट माती खायला येतात त्या कड्यासमोर आम्ही पहाटे आडोशामागे बसलो, तर पाऊस आला आणि एकही पक्षी उतरला नाही. समुद्रापासून इतक्या दूर अन्नातून सोडियम फार कमी मिळतो, तो ते या मातीतून मिळवतात. पण भिजत्या सकाळी सहसा येत नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि हिरव्या पोपटांनी कडा भरून गेला. आदल्या दिवशी निघून गेलेल्या दोघांना ते बघायला मिळालं नाही.