काळ्या माशीची पेंड

आमच्या लॅबमध्ये येणारे नमुने बहुतेक ठरलेले: सरकी पेंड, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड), मक्याची चुनी. भाव चढले की प्रोटीनचा आकडा फुगवायला युरिया मारलेली पेंडही येते. त्या दिवशीच्या पिशवीवर मात्र मार्करनं लिहिलं होतं, ‘बीएसएफ अळी पावडर’.

आणणारा जेमतेम पंचविशीचा. मंडईतल्या टाकाऊ भाजीवर ब्लॅक सोल्जर फ्लाय (बीएसएफ) या काळ्या माशीच्या अळ्या वाढवायच्या, वाळवून दळायच्या आणि गाईंच्या खाद्यात सोयाऐवजी घालायच्या, हा त्याचा बेत. “मॅडम, प्रोटीन बेचाळीसच्या वर आहे. तेवढं लेटरहेडवर द्या, म्हणजे डेअरीवाले ऐकतील.”

मी मूठभर पावडर दाबून पाहिली. मूठ उघडली तरी लाडवासारखा गोळा तसाच. फिल्टर पेपरवर ठेवला तर कागद तेलकट होऊन आरपार दिसायला लागला. पठ्ठ्यानं तेल न काढताच दळलं होतं.

नायट्रोजन निघाला ६.८ टक्के. प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजनला गुणून काढतात; नेहमीच्या ६.२५ ने गुणलं की ४२.५, म्हणजे त्याचा आकडा चूक नव्हता. पण गोम तिथेच होती. अळीच्या कातडीतल्या कायटिनमध्येही (ते प्रथिन नव्हे) नायट्रोजन असतो आणि नायट्रोजन मोजायच्या केल्डाल पद्धतीला तो वेगळा काढता येत नाही. युरियावाले याच पळवाटेवर जगतात. म्हणून अख्ख्या अळीसाठी ४.७६ हा गुणक सुचवला गेलाय. त्यानं हिशेब केला की उरतात ३२.४.

“मग वरचे दहा टक्के गेले कुठे?”

“गेले नाहीत. प्रथिन म्हणून ते नव्हतेच.”

मला जास्त धास्ती फॅटची होती. संध्याकाळी सॉक्सलेटचा, म्हणजे फॅट मोजायच्या चाचणीचा, आकडा आला, ३१ टक्के. गाईच्या एकूण शुष्क आहारात फॅट सहा-सात टक्क्यांच्या वर गेली की चाऱ्याचं पचन बिघडतं. त्यात या अळीच्या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर, तेच जे खोबरेल तेलात असतं. लॉरिकनं गाईच्या पोटातला मिथेन कमी होतो असं पोरानं वाचलं होतं. खरं आहे, पण त्याच दणक्यात कडबा पचवणारे जिवाणूही मार खाऊ शकतात.

बाकावर मुरघासाचा नमुना घेऊन बसलेले एक दूधवाले काका इतका वेळ ऐकत होते. “अहो, गाय ती! तिला अळ्या चारणार?”

“काका, कडब्यातून काय कमी जातात का?”

“जातात की. पण आपण चारत नाही.”

यावर दोघांचं जे जुंपलं, ते सोडवायला मी कायद्याचा विषय काढला. युरोपनं कीटकांचं प्रथिन माशांच्या खाद्यात २०१७ला आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात २०२१ला चालू दिलं. रवंथ करणाऱ्या जनावरांना मात्र अजून दार बंद, कारण प्राण्यांचं प्रथिन चारण्यातून पसरलेल्या मॅड काऊ रोगाचा धसका. काकांना एकदम जिंकल्यासारखं वाटलं.

मी पोराला सांगितलं, अळ्या आधी उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर चरबी लवकर खवट होते. ओल दहा टक्क्यांखाली आणा आणि गरम असतानाच दाबून तेल काढा. गिऱ्हाईक म्हणून आधी पोल्ट्रीवाले गाठा, गाईचं नंतर बघू. रिपोर्टवर मी दोन्ही आकडे गुणकासकट लिहिले.

जिना उतरतानाच त्यानं एका तेलघाणीवाल्याला फोन लावला, “भाऊ, शेंगदाण्याच्या एक्सपेलरमधून अळ्या काढून द्याल का?” पलीकडचं उत्तर इथे छापण्याजोगं नाही.