तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं चेंडू मागे का देतात?

मी लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. सामना संपला की कुणी ना कुणी पालक माझ्याकडे येतातच. मी वाकून कोन आणि बिब (सरावात संघ ओळखायची रंगीत जाकिटं) गोळा करत असतो आणि प्रश्न डोक्यावरून येतो. "सर, एक विचारू का? आपली पोरं चेंडू सारखा मागे का देतात? पुढे का मारत नाहीत?" हरलो असू तर आवाजाला जरा धार असते. जिंकलो असू तरी प्रश्न चुकत नाही, फक्त त्याआधी अभिनंदन येतं.

मैदानावर उभ्याउभ्या मी देतो ते उत्तर अर्धवट राहतं, कारण तेवढ्यात कुणाचा तरी बूट सापडत नसतो. म्हणून एकदाचं बसून लिहितो.

आधी कबुली. पहिली दोन वर्षं मी हे चुकीचं शिकवलं. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, घाई करायची नाही, एवढंच डोक्यात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना सरावात मी एक खेळ द्यायचो: सलग दहा पास झाले की एक गुण. पोरं हुशार, दोन आठवड्यांत त्यांनी त्यातली मेख ओळखली. मैदानाच्या ज्या कोपऱ्यात कुणी फिरकत नाही तिथे चौघं जमायची आणि चार हातांच्या अंतरावरून एकमेकांना चेंडू द्यायची. टुक, टुक, टुक. मग सामन्यातही तेच. मैदानाच्या आपल्याच अर्ध्यात दोन डिफेंडर (बचावपटू) आणि गोलकीपर यांच्यात चेंडू फिरतोय, समोरचा संघ निवांत उभा आहे आणि मी कडेला खूश. शेवटी एका सरावाला आमच्या लेफ्ट बॅकने, म्हणजे डाव्या कडेच्या डिफेंडरने, दहावा पास घेतला, चेंडूवर पाय ठेवला, माझ्याकडे वळला आणि अगदी साध्या मनाने म्हणाला, "सर, दहा झाले. आता काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "परत दहा करा" असं काहीतरी म्हणालो असेन.

धीर धरा, धीर धरा म्हणत होतो, पण कशासाठी धरायचा हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. आता विचाराल तर एका वाक्यात सांगतो: समोरच्या संघातल्या कुणीतरी आपली जागा सोडावी, याची आपण वाट बघतो. सगळे आपापल्या जागी असले तर गोलपर्यंत वाट नाही. मागे दिलेला पास हा त्यांच्यातल्या एकाला बाहेर यायचं आमंत्रण असतो. तो आला की त्याच्या पाठीमागे मोकळी जागा पडते आणि तिथे आपलं कुणीतरी असायला हवं. तिथे कुणी नसेल तर मागचा पास म्हणजे नुसता वेळ काढणं, आणि अशा वेळी तुमची तक्रार शंभर टक्के खरी असते.

हे बोलून कळत नाही, बघावं लागतं. आमच्या संघात अकरा वर्षांची एक मुलगी सेंटर बॅक, म्हणजे मधली डिफेंडर, खेळते. गेल्या हंगामातल्या एका सामन्यात चेंडू तिच्याकडे आला. तिने उजव्या पायाचा तळवा त्यावर ठेवला आणि थांबली. समोरचा स्ट्रायकर, म्हणजे त्यांचा सगळ्यात पुढचा खेळाडू, दहा पावलांवर. कडेने आरडाओरडा सुरू, "मार! अगं मार!" ती हलली नाही. स्ट्रायकरला राहवेना, तो सुटला. सात पावलं, पाच, तीन. तो निघाला तसा त्याच्या मागचा मिडफिल्डरही (मधल्या फळीतला खेळाडू) सवयीने थोडा पुढे सरकला. तेवढ्यात तिने तळव्यानेच चेंडू जरासा डावीकडे ओढला आणि दोघांच्या मधून आमच्या मिडफिल्डरला दिला. तो आधीच अर्धा वळून उभा होता. एका टचमध्ये त्याने कडेने खेळणाऱ्या विंगरला सोडला. त्यांचे दोन खेळाडू चेंडूच्या मागे पडले, खेळातून बाद. विंगरचा शॉट बाहेरून जाळीला लागला. गोल झाला नाही, म्हणून कुणी टाळीही वाजवली नाही. मी मात्र रात्री जेवतानासुद्धा त्या तळव्याचा विचार करत होतो. तीन पावलांपर्यंत थांबणं! मोठ्यांनाही जमत नाही हे.

हे शिकवायचं कसं, हा खरा प्रश्न, पण तो मला कुणी विचारत नाही. चौघं बाहेर, दोघं आत, आतल्यांनी चेंडू हिसकवायचा, हा रोंदो सगळ्यांना माहीत असतो. स्पेनच्या बार्सिलोना क्लबमुळे तो जगभर पसरला. योहान क्रायफ तिथे 1988 ते 1996 प्रशिक्षक होते, तेव्हापासून तर त्या क्लबची ओळखच तो. पण नुसता रोंदो हा माझ्या दहा पासांचाच सख्खा भाऊ. म्हणून मी गुणांची पद्धत बदलली. बाहेरून फिरवलेल्या पासांना शून्य. आतल्या दोघांच्या मधून पलीकडच्याला पोचलेला पास, त्यालाच गुण. आणि चेंडू हिसकावला तर आतल्या दोघांनी कोनांच्या दोन छोट्या फाटकांतल्या कुठल्याही एकातून तो बाहेर काढायचा, म्हणजे त्यांना गुण. पहिले दोन-तीन दिवस पोरं आंधळेपणाने मधूनच मारायची आणि चेंडू घालवायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिला की ते दोघं फाकतात. बाजूचा पास कशासाठी असतो हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीच मला सांगितलं. त्यातल्या एकाने तर "सर, आधी त्यांना दमवायचं, मग फाडायचं" असं सूत्रच केलं. भाषा जरा हिंसक आहे, पण मी दुरुस्त केली नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. चेंडू पायाशी आल्यावर आजूबाजूला बघायला लागलं तर उशीर झालेला असतो. नॉर्वेचे संशोधक गाइर यूर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंची डोकी अक्षरशः मोजली, म्हणजे पास मिळण्याआधी कोण किती वेळा मान वळवून बघतो ते. जे जास्त बघतात त्यांचे पुढे दिलेले पास जास्त जमतात, असं त्यांना आढळलं. आमच्याकडे यासाठी बोटांचा खेळ आहे. मी मुलाच्या पाठीमागे उभा राहून काही बोटं वर करतो. चेंडू त्याच्याकडे येत असताना, पायाला लागण्याआधी, त्याने मागे बघून आकडा ओरडायचा. सुरुवातीला सगळी "तीन" ओरडतात, अंदाजपंचे. महिनाभराने मान आपोआप वळायला लागते. मान वळली की अंगही अर्धं वळतं, चेंडू लांबच्या पायावर घेतला जातो आणि पुढचं मैदान दिसतं. पाठ करून चेंडू घेणाऱ्या मुलाला मागेच द्यावा लागतो, दुसरा इलाज नसतो त्याच्याकडे. तुम्हाला खटकणारे अर्धेअधिक मागचे पास हे असे असतात. मलाही खटकतात.

रुंदीचं तर विचारूच नका. लहान मुलं चेंडूभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी गोळा होतात. विंगरने चुन्याच्या रेषेला टाचा लावून उभं राहायचं, चेंडू पलीकडे असला तरी. एकजण मला म्हणाला होता, "सर, विंगर म्हणजे शिक्षाच." बरोबर आहे त्याचं. धीर लागतो तो चेंडू नसलेल्यांना जास्त.

आता तुमच्यापैकी एकांनी मला आकडे दाखवले होते, त्याबद्दल. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांत होतात, मग एवढा खटाटोप कशाला? हा हिशेब जुना आहे. चार्ल्स रीप नावाचे ब्रिटिश हवाई दलातले हिशेबनीस 1950 पासून सामने पेन्सिलीने टिपत असत. 1968 मध्ये त्यांनी बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्यावर शोधनिबंधही लिहिला. त्यांची मोजणी बरोबर होती, गफलत निष्कर्षात झाली. फुटबॉलमध्ये बहुतेक चालीच तीन पासांच्या आत तुटतात, तर गोलही तिथेच जास्त दिसणार. 2005 मध्ये माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स या संशोधकांनी वर्ल्ड कपच्या सामन्यांचे आकडे घेऊन भागाकार केला, तेव्हा लांब चालींतून, त्यांच्या संख्येच्या मानाने, गोल जास्त निघाले. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की थेट, म्हणजे कमी पासांच्या, चालीतल्या शॉटचा गोल होण्याचं प्रमाण जास्त असतं. दोन्ही मान्य करायला मला काहीच अडचण नाही. वाट मोकळी असेल तर पहिल्याच पासात जा, कोण अडवतंय?

आणि पासांच्या मोहात पडलेल्यांचं काय होतं तेही आपण बघितलंय. स्पेनने 2010 चा वर्ल्ड कप सात सामन्यांत फक्त आठ गोल करून जिंकला आणि आम्हा प्रशिक्षकांना वेड लावलं. त्याच स्पेनने 2018 मध्ये रशियाविरुद्ध 120 मिनिटांत हजाराहून जास्त पास दिले. मिळालेला एकमेव गोल रशियाचा स्वयंगोल होता, आणि पेनल्टीवर स्पेन घरी गेला. तो सामना बघताना मला आमचा लेफ्ट बॅक आठवत होता. दहा झाले, आता काय करायचं?

गोलकीपरपासून खेळ सुरू करण्यावरून सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. 2019 च्या आधी गोल किक (गोलसमोरून आपण खेळ पुन्हा सुरू करतो ती) पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या, बाहेर गेल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. अकरा वर्षांच्या पोराची किक जेमतेम तिथवर जायची, आणि समोरचे तिथेच टपून. आता चेंडूला लाथ बसून तो हलला की खेळ सुरू, तोवर समोरच्यांनी एरियाच्या बाहेर राहायचं. शेजारच्या डिफेंडरला दोन हातांच्या अंतरावर दिला तरी चालतो. छोट्या पायांसाठी ही मोठीच सोय झाली.

तरी गोल खाल्ले जातात. मागच्याच्या मागच्या वर्षी आमच्या गोलकीपरने सरळ त्यांच्या स्ट्रायकरच्या पायात पास दिला. गोल. मी कडेवरून ओरडलो, "अरे, काय करतोस!" त्यानंतर उरलेल्या सामन्यात त्याने हाताशी आलेला प्रत्येक चेंडू आभाळात उडवला. तीन महिन्यांची मेहनत माझ्या एका वाक्याने गेली, आणि त्याला बोलायची मला सोयच उरली नाही. आता असं काही झालं की मी तोंड बंद ठेवतो आणि मध्यंतरात एवढंच विचारतो, "कुणाला द्यायचा होता?" उत्तर आलं की समजायचं विचार होता, पाय चुकला. पाय सुधारतो. उत्तर नाही आलं तर काम माझं. आणि हो, तिघं अंगावर आलेत, मोकळं कुणी नाही, अशा वेळी चेंडू बाहेर फेकून द्यायला मीच सांगतो. त्यात कसली लाज?

एक भीती मलाही आहे: या सगळ्यात ड्रिबल, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकवत नेणं, मरायला नको. नऊ वर्षांखालच्या गटाला मी यातलं काहीच शिकवत नाही. त्या वयात चेंडू स्वतःचा वाटतो, वाटू दे. पुढे कितीही पास झाले तरी शेवटी एकाने समोरच्याला चकवावंच लागतं, आणि तो चकवणारा नवव्या वर्षी घडतो, पासांच्या रेट्यात नाही.

तुमच्याकडून काय हवं, असंही कुणीतरी विचारलं होतं. "मार" म्हणू नका. मुलाला माझ्याआधी तुमचा आवाज ऐकू जातो. एका बाबांना हे काही केल्या जमेना, तेव्हा मी त्यांना वही-पेन दिलं आणि सांगितलं, पास येण्याआधी तुमची मुलगी किती वेळा मागे बघते ते टिपा. पूर्ण सामनाभर त्यांच्या तोंडून शब्द नाही. शेवटी वही परत देताना म्हणाले, "एकोणीस. पण दोनदा उगाच बघितलं तिने."

गेल्या सामन्यात समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि त्यांचे दोन्ही सेंटर बॅक वर आले. आमच्या त्याच गोलकीपरने चेंडू झेलला, मान वर केली आणि हाताने थेट विंगरकडे फेकला. विंगरने एक पास दिला आणि गोल. दहा सेकंदही लागली नसतील. सामना संपल्यावर तेच पालक हसत आले, "बघा सर, पुढे दिला की होतो गोल!" मी गोलकीपरला हाक मारून त्यांच्यादेखतच विचारलं, तू या वेळी मागे-बाजूला न देता सरळ पुढे का फेकलास?

तो बूट सोडत होता. मान वर न करताच म्हणाला, "त्यांच्या मागे कुणी नव्हतंच ना, सर."