घारापुरीची १ मेची ग्रामसभा

घारापुरी म्हणजे एलिफंटा. लेणी सगळ्यांना माहीत असतात, त्रिमूर्ती माहीत असते, गेटवेवरून तासाभराची लाँच माहीत असते. पण त्या बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत, तिथं हजार-बाराशे माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, त्यांची स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि ती मुंबईत नाही तर रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात मोडते, हे सांगितलं की माझ्या ओळखीचे भले भले लोक चकित होतात. मी ग्रामसेवक. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात. काही काळ त्या बेटाचं काम माझ्याकडे होतं आणि त्या काळातली १ मेची एक ग्रामसभा मला लिहून ठेवायचीच होती, कारण ग्रामसभा म्हणजे काय ते मला नोकरी लागल्यापासून पाठ होतं, पण बघितलं मी त्या दिवशी.

आधी पाण्याचं सांगतो. बेटाच्या चारी बाजूला खारं पाणी, समोर मुंबईच्या इमारती दिसतात, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात, आणि प्यायचं पाणी मात्र पावसाने धरणात आणि विहिरींत जेवढं साठवलं तेवढंच. धरण छोटं आहे. जूनपासून भरतं आणि एप्रिल संपता संपता खाली खाली जातं. त्यातनं गावाने प्यायचं, धुवायचं, आणि रोज लाँच भरभरून येणाऱ्या पर्यटकांसाठी हॉटेलवाल्यांनी चहा-जेवणही त्यातच करायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर कायमची वीज आली, त्याच्याआधी संध्याकाळी सात ते दहा जनरेटर चालायचा आणि दहा वाजले की अंधार. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी वीज आली तर लोकांचं म्हणणं साहजिकच असं झालं की लाईट आली, आता पाण्याचं बघा. वीज आल्यावर पंपाचा प्रश्न सुटला हे खरं, पण पंपाला उपसायला पाणी तर पाहिजे, आणि उपसलेलं साठवायला उंचावर टाकी पाहिजे. एका वाडीत वरच्या अंगाच्या घरांना उन्हाळ्यात पाणी चढायचंच नाही, खालच्या घरांचे नळ चालू असेपर्यंत वर नुसती हवा यायची. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, गावातल्या गावात उगाच नको. तिथल्या बायका हंडे घेऊन विहिरीवर जायच्या आणि विहिरीतही झऱ्याचं पाणी साचेपर्यंत वाट बघायची. कोणाचा दोष नव्हता त्यात, चढच तसा होता आणि पाणीच तेवढं होतं.

कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती कशी होते ते या नोकरीतल्या लोकांना माहीत आहे, मी त्यावर काही बोलत नाही. इथं ती खरी झाली. आदल्या दिवशी अंगणवाडीत बायका जमल्या, आशाताई होत्या, बचत गटाच्या होत्या, आणि एकच विषय निघाला, वरच्या घरांसाठी साठवण टाकी. त्यांनी ठराव केला, त्यांच्यातल्याच एका मुलीने शुद्ध अक्षरात लिहिला, आणि मला सांगितलं भाऊसाहेब हा उद्या सभेत वाचायचा. मी म्हटलं वाचणार, अजेंड्यावर विषय आहेच.

आता १ मे. महाराष्ट्र दिन, झेंडावंदन झालं, सकाळी अकराला ग्रामसभा. अडचण अशी की त्या दिवशी सुट्टी, त्यात शाळांना मे महिन्याची सुट्टी लागलेली, म्हणजे गेटवेवरून लाँचवर लाँच. बेटाचं पोट या पर्यटकांवर आहे. धक्क्यापासून छोटी टोय ट्रेन येते, पुढं लेण्यांकडे जायच्या पायऱ्या सुरू होतात आणि त्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली ओळीने स्टॉल, माळा, दगडाच्या मूर्ती, टोप्या, काकड्या, कैऱ्या, बोरं. पुरुष कोणी गाईड, कोणी हॉटेलात, कोणी बोटीवर. अशा गर्दीच्या दिवशी धंदा सोडून सभेला कोण येणार? पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद पडतात, तेव्हा कमाई शून्य, म्हणून मेचा एकेक दिवस त्यांना मोलाचा. मला ते पूर्ण समजत होतं.

बारा वाजले तरी हजेरी रजिस्टरवर साठच्या आसपास सह्या. कोरमला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो लागतो. आम्ही त्याच्या बरेच खाली होतो. वाट बघितली, शिपायाने पुन्हा एकदा खाली जाऊन हाळी दिली, वर आलं कोणी नाही. मग नियमाप्रमाणे सभा तहकूब करायची वेळ आली. मी तसं सरपंचांना सांगितलं आणि तहकूब सभेची तारीख काय धरायची ते विचारलं.

तेवढ्यात मागून एक मावशी उठल्या. साठीच्या असतील, पूर्वी मासे विकायच्या, आता सूनबाईचा स्टॉल आहे. त्या म्हणाल्या, तहकूब म्हणजे काय ते सांगा आधी. मी सांगितलं की कोरम नसला की सभा पुढं ढकलायची, आणि पुढच्या सभेला कोरमची अट नसते. त्या म्हणाल्या, म्हंजे तवा धा मानसं आली तरी चालतंय? मी म्हटलं हो, कायद्याने चालतं. मग त्या सभेकडे वळून म्हणाल्या, आमची टाकी धा मानसांनी ठरवायची? आमाला नको तशी सभा. सगल्यांसमोर होऊ द्या, नाय म्हनायचं त्यांनी पन तोंडावर म्हनू द्या.

हे फार मोठं बोलल्या त्या. बाहेरच्या माणसाला वाटेल टाकी मंजूर झाल्याशी मतलब, कमी माणसांत झाली तर उलट सोपं. पण एवढ्या छोट्या बेटावर पाच-दहा जणांनी केलेला ठराव टिकत नाही, उद्या खालच्या वाडीवाले म्हणणार आम्हाला विचारलंच नाही, आणि टाकीसाठी पाईप जाणार तो त्यांच्याच दारावरून. त्या बाईंना ते माझ्याआधी कळलेलं होतं.

एकाने तोडगा काढला. वाईट हेतूने नाही, मदत म्हणूनच. म्हणाला रजिस्टर खाली पायऱ्यांवर पाठवा, स्टॉलवर बसल्या बसल्या सह्या घेऊन येऊ, अर्ध्या तासात कोरम पूर्ण. मी नाही म्हटलं. रजिस्टर सभेच्या जागेवरून हलणार नाही, हजर नसलेल्या माणसाची सही मी घेणार नाही. वातावरण जरा तापलं, दोन-चार जण माझ्यावर चिडले, भाऊसाहेब तुम्ही संध्याकाळी बोटीत बसून जाल, पाणी आम्हाला भरायचंय, असं पण ऐकवलं. चुकीचं नव्हतं ते, मला खरंच संध्याकाळची बोट होती. पण मावशीच माझ्या बाजूने बोलल्या, सही नको, मानूस पायजे.

आणि मग जे झालं ते मी आधी कुठल्या गावात बघितलेलं नाही आणि नंतरही नाही. बायकांनी आपसात दोन मिनिटं कुजबुज केली आणि कॉलेजची, दहावी-बारावीची सुट्टीवर असलेली पोरं-पोरी गोळा केली. कॉलेजसाठी पोरांना बेटाबाहेर जावं लागतं, पण मेमध्ये सगळी घरी असतात. त्या पोरांना पायऱ्यांवर पाठवलं, एकेका स्टॉलवर एकेक पोरगं बसवलं, भाव सांगितले, आणि पोरं स्टॉलवाल्यांना म्हणाली आई तू वर जा, काका तुम्ही जा, आम्ही बघतो. स्वतःच्याच घरचा स्टॉल असं काही नाही हं, ज्याच्या घरात मोठं पोर नाही त्याच्या स्टॉलवर शेजारचं बसलं. एका हॉटेलवाल्याने तर स्वयंपाकीण ताईंना पाठवलं आणि स्वतः पोळ्या लाटायला बसला असं नंतर कळलं. तास-दीड तासात माणसं येत गेली, घामाघूम, कोणाच्या कमरेला पैशाची पिशवी तशीच, कोणाच्या हातात टोप्यांचा गठ्ठा. एक गाईड आपल्या पर्यटकांना लेणी दाखवून झाल्यावर सरळ सभेला आला. सही करणाऱ्यांची रांग लागली. कोरम झाला तेव्हा मी आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि वेळ प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिली, माझा हात थोडा थरथरत होता, एवढं सांगायला मला संकोच वाटत नाही.

मग सभा झाली आणि जोरात झाली. खालच्या वाडीतल्यांचं म्हणणं होतं की टाकी वर बांधली की आमचं पाणी कमी होणार, धरणात पाणी तेवढंच आहे. हा मुद्दा बरोबर होता आणि तो कोणी उडवून लावला नाही. हॉटेलवाल्यांचं म्हणणं होतं की त्या पैशात धक्क्याच्या बाजूला आधी शेड आणि दिवे करा, पर्यटक उन्हात उभे राहतात, पर्यटक टिकले तर गाव टिकेल. इथं मला बोलावं लागलं. तेव्हा केंद्राचा १५ वा वित्त आयोग चालू होता आणि पंचायतीला मिळणाऱ्या त्याच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, असायची, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी, ती शेडला आणि दिव्यांना वापरताच येत नाही, ठराव केला तरी येत नाही. उरलेल्या अबंधित पैशात शेडचा विचार होऊ शकतो. हे सांगितल्यावर अर्ध भांडण तिथंच मिटलं, कारण लोकांना वाटत होतं की एकच पैसा आहे आणि तो टाकीला गेला की शेड गेली. मला त्या दिवसापासून वाटतं की ग्रामसभेतली निम्मी कटुता ही हिशोब सगळ्यांना समजेल असा न सांगितल्यामुळे असते. फळ्यावर खडूने दोन रकाने काढले, बंधित आणि अबंधित, आणि लोक ते रकाने मोबाईलमध्ये फोटो काढून घेऊन गेले.

पाण्याच्या वाटपाचं मात्र फळ्यावर सुटणारं नव्हतं. त्याच्यावर चर्चा बराच वेळ चालली. शेवटी एका तरुण बोटवाल्याने सुचवलं की टाकी बांधू पण भरायची रात्री, जेव्हा खाली कोणी नळ सोडत नाही, आणि सकाळी वरच्यांना टाकीतनं, खालच्यांना लाईनीतनं. एप्रिल-मेमध्ये पाणी सोडायची वेळ तिन्ही वाड्यांतल्या एकेका बाईने मिळून ठरवायची आणि ती पंचायतीच्या बोर्डावर लावायची. सूचक मावशी, अनुमोदक खालच्या वाडीतले एक जण, जे सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध करत होते. हात वर करून मतं घेतली, ठराव झाला. विरोधात हात नव्हता असं नाही, होते काही, ते पण मी लिहिले. लिहायलाच पाहिजेत.

सभा संपेपर्यंत संध्याकाळ झाली होती. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे शेवटच्या लाँचची गडबड सुरू झालेली, स्टॉलवाले धावत खाली गेले. माझी उरणकडची बोट ओहोटीमुळे आधीच निघून गेली होती, रात्री शिपायाच्या घरी राहिलो आणि कंदिलाच्या नाही तर चांगल्या ट्यूबलाईटच्या उजेडात प्रोसिडिंग पूर्ण केलं. पोरांनी स्टॉलवर किती धंदा केला याची तिथं मोठी चर्चा चालू होती, काहींनी म्हणे आईबापांपेक्षा जास्त माल खपवला.

टाकी लगेच झाली नाही. पुरवणी आराखडा, मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मंजुरी, आणि बेटावर काम म्हणजे सिमेंट, रेती, सळई सगळं बोटीने आणायचं, त्याचा वाहतूक खर्च अंदाजपत्रकात बसवायचा, तो मैदानी गावाच्या दराने बसत नाही हे वरच्या एका कार्यालयाला पुन्हा पुन्हा पत्र लिहून समजवावं लागलं. तो उन्हाळा बायकांनी हंड्यांवरच काढला. पण वेळापत्रकाचा बोर्ड त्याच आठवड्यात लागला, त्याला सिमेंट लागत नव्हतं.

त्या सभेतून निघालेली दुसरी गोष्ट टाकीपेक्षा छोटी वाटेल पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. विषय संपता संपता स्टॉलवाल्या एका ताई म्हणाल्या, सोमवारी लेनी बंद असतान, सोमवारी सभा घ्या ना, आमी सगली घरीच हाव. इतकी सरळ गोष्ट. लेणी सोमवारी बंद असतात, त्या दिवशी पर्यटक नसल्यासारखेच, अख्खं गाव मोकळं. ठरलेल्या ग्रामसभांशिवाय विशेष ग्रामसभा बोलवायला कायद्यात काही आडकाठी नाही, सरपंचांनी लगेच मान्य केलं. पुढची विशेष सभा सोमवारी लावली. विषय होता पर्यटकांनी टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा आणि तो कचरा बोटीने बेटाबाहेर न्यायचा खर्च कोणी करायचा याचा. खुर्च्या कमी पडल्या, लोक ओट्यावर, पायऱ्यांवर बसले, आणि कोरम सभा सुरू व्हायच्या आधीच झाला होता. कचऱ्यावर त्या दिवशी एकमत झालं नाही, पुन्हा पुढचा सोमवार धरला.