निशी-कासाईतली इंग्लिशची बाई

टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या आम्हा इंडियन बायकांपैकी बऱ्याच जणी काही ना काही शिकवतात, कोणी योगा, कोणी स्वयंपाक, आणि मी इंग्लिश, तेही तीन ते सहा वर्षांच्या जपानी पोरांना. (हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ ला वॉर्डाच्या असेंब्लीवर, म्हणजे नगरसेवकासारखे, निवडून आले ते इथेच.) आईला फोनवर सांगितलं तर ती आधी हसलीच, कारण माझं स्वतःचं इंग्लिश झेडपीच्या शाळेत पाचवीला सुरू झालं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्लिश २००० साली आलं, आम्ही त्याच्या आधीच्या.

नोकरी शोधताना सगळीकडे एकच अट, टीचर 'नेटिव्ह' पाहिजे. एका ठिकाणी फोनवर छान बोलणं झालं, मी इंडियन आहे म्हटल्यावर "कळवतो" म्हणाले, ते अजून कळवतायत. आत्ताच्या क्लासच्या मालकीणबाईंनी मात्र एवढंच विचारलं, की मुलांबरोबर तासभर जमिनीवर बसता येईल का? म्हटलं, बाई, आमच्या पंगती जमिनीवर उठतात.

आणि खरं सांगू का, पोरांना पासपोर्टशी काही घेणंदेणं नसतं. त्यांना आपल्याबरोबर उड्या मारणारं माणूस लागतं. पहिला नंबर कुणाचा, लाल खुर्ची कुणाला, सगळं जानकेनवर ठरतं, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री, आणि जो हरला तो निमूट मागे जातो, हे मला अजून पचलेलं नाही. एकदा वर्कशीटवर सूर्य रंगवायचा होता, मी "येलो, येलो" करतेय आणि झाडून सगळ्यांनी लाल खडू उचलला. इथे मुलांच्या चित्रातला सूर्य लालच असतो. एक मुलगी तर माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. मग काय, 'रेड सन' म्हणून रंगवून घेतला, रेड तर पाठ झालं ना.

अवघड जाते ती शांतता. उत्तर येत असतं, पण पोरगं आधी शेजारच्याकडे बघणार, मान तिरकी करणार आणि गप्प. चुकलं तर? हे मला चांगलं माहितीये, पाचवीला आम्हीही असेच बाकाकडे बघत बसायचो. म्हणून मी एकट्याला कधीच उभं करत नाही. आधी सगळ्यांनी मिळून ओरडायचं, मग जोडीनं, आणि तरीही कोणी अडलं तर माझ्या हातातल्या कापडी सशाच्या कानात सांगायचं. सशाला सगळे सांगतात. जन्मापासून इंग्लिश बोलणाऱ्या बाईला ही धास्ती कळेल का, मला शंकाच आहे.

उच्चारांचं म्हणाल तर शाळेत काताकाना शिकलं की मिल्कचं मिरुकु होतं, कारण त्या लिपीत 'न' हे अक्षर सोडलं तर सुटं व्यंजन लिहायची सोयच नाही. तीन वर्षांचं पोर मात्र मी म्हणते तसंच्या तसं म्हणतं, म्हणजे माझा मराठी 'व' पण आलाच. व्ही काय न् डब्ल्यू काय, एदोगावातली काही पोरं आता दोन्ही आमच्या कराडसारखंच म्हणणार.

बाकी इथे इंग्लिशची घाई अशी नाही. सरकारी शाळेत २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, पाचवी-सहावीला ७०, आणि तासही ४५ मिनिटांचा. गणित, विज्ञान सगळं जपानीत, अगदी डॉक्टर होईपर्यंत. पालकांना इंग्लिश हवं असतं, पण स्विमिंग आणि पियानोच्या रांगेतलं. तिकडे माझी नणंद नर्सरीच्या इंटरव्ह्यूसाठी भाच्याकडून सेल्फ इंट्रोडक्शन घोकून घेतेय, अजून त्याला धड नाक पुसता येत नाही. मी काही बोलत नाही, सासरचा मामला.

ज्या मैत्रिणी इथे अशा कामाबद्दल विचारतायत त्यांच्यासाठी: डिपेंडंट व्हिसा (नवऱ्याच्या व्हिसावरून मिळतो तो) असेल तर आधी इमिग्रेशनची परवानगी काढा, रेसिडन्स कार्डच्या मागे शिक्का येतो आणि आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. डिग्री, सर्टिफिकेट वगैरे क्लासप्रमाणे बदलतं. पण थोडं जपानी येऊ द्याच, कारण पोरगं 'ओशिक्को' म्हणून दोन्ही हातांनी चड्डी धरून उभं राहिलं की फ्लॅशकार्ड तिथंच टाकून पळावं लागतं.